९,७७२ जनुकसंच वाचणार कोण?

जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पाची माहिती संशोधकांसाठी उपलब्ध झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात तिचा पहिला गोषवारा प्रसिद्ध झाला. देशभरच्या वृत्तपत्रांनी आकडे मोठ्या अक्षरांत छापले: ८३ लोकसमूह, सुमारे २० हजार जणांचे रक्तनमुने, १८ कोटी जनुकीय भेद. आकडे खरोखरच मोठे आहेत आणि त्यांचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. मला मात्र या साऱ्या गजरात एक लहानशी वजाबाकी अधिक बोलकी वाटली. जनुकसंच वाचले गेले दहा हजारांहून थोड्या अधिक जणांचे. पहिल्या विश्लेषणात उरले ९,७७२. मधले काही वगळले गेले, कारण ते गुणवत्तेच्या चाळणीतून पार झाले नाहीत. ती चाळणी कोणी विणली, तिची भोके किती मोठी ठेवायची हे कोणी ठरवले, याविषयी बातम्यांत एक ओळही नव्हती. ज्या माणसाचे हे काम, त्याला संगणकीय जीवशास्त्रज्ञ म्हणतात. आजचे हे टिपण त्या माणसाविषयी आहे, आणि विशेषतः तो माणूस झाशीसारख्या गावातून का येत नाही, याविषयी.

आणखी एक धागा बातम्यांनी सोडून दिला. या प्रकल्पाचे नेतृत्व बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राकडे होते. वीसेक संस्थांची मोट मेंदूचा अभ्यास करणाऱ्या केंद्राने का बांधावी? कारण म्हातारपणी स्मृती का ढासळते, हा त्या केंद्राचा मूळ प्रश्न आहे. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात, श्रीनिवासपूर तालुक्यातील गावांत, पंचेचाळीस वर्षांवरील हजारो ग्रामस्थांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम हे केंद्र २०१८ पासून करीत आहे. स्मृती तपासायची, रक्त तपासायचे, मेंदूची चित्रे घ्यायची, जनुके वाचायची आणि पुन्हा काही काळाने त्याच माणसाकडे जायचे. अशा कामात माहिती गोळा करणे जितके कष्टाचे, तितकेच ती एकमेकींशी जुळवणे कष्टाचे असते. मेंदू आणि जनुके यांची गाठ आज डोळ्यांना दिसते ती गणनेतूनच.

याचे कारण साधे आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २० हजार. सर्व पेशींत तीच जनुके असतात. परंतु कोणत्या पेशीत कोणती जनुके जागी आणि कोणती निजलेली, यावरून पेशीचा स्वभाव ठरतो. २०२३ मध्ये प्रौढ मानवी मेंदूचा जो पेशीनकाशा प्रसिद्ध झाला, त्यात तीस लाखांहून अधिक पेशीकेंद्रके एकेक करून वाचली गेली आणि त्यांतून ३ हजारांहून अधिक पेशीगट निघाले. तीस लाख ओळी आणि हजारो स्तंभ असलेला हा तक्ता डोळ्यांनी वाचता येत नाही. त्यासाठी संख्याशास्त्र लागते, संगणक लागतो, आणि या दोहोंहून अधिक लागते ती शंका: दिसणारा गट खरा आहे की यंत्राच्या दोन फेऱ्यांतील फरकामुळे भासतो आहे?

अशा माणसाची कारकीर्द घडते कशी? आपल्या देशातले एक उत्तम उदाहरण उपिंदर सिंग भल्ला यांचे. आयआयटी कानपूरमध्ये काही काळ शिकून ते केंब्रिजला गेले. पुढे अमेरिकेत कॅल्टेकमध्ये जेम्स बोवर यांच्याकडे त्यांनी गंधज्ञानाशी संबंधित मेंदूभागाची संगणकीय प्रतिकृती उभारून पीएचडी केली. मग न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथे रवी अय्यंगार यांच्यासह त्यांनी जे काम केले, ते १९९९ मध्ये 'सायन्स'मध्ये आले आणि या क्षेत्रात आजही उद्धृत होते. पेशीच्या आतल्या रासायनिक साखळ्या एकमेकींना जोडल्या की त्या जोडणीत एक नवीनच गुण येतो: चेतवणारा संकेत थांबला तरी साखळी जागीच राहते, जणू तिने काही लक्षात ठेवले आहे. एकट्या रेणूत ही स्मृती शोधून सापडत नाही. हे परीक्षानळीत आधी दिसले नव्हते. ते समीकरणांत दिसले. १९९६ मध्ये भल्ला बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये आले. तेथे त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगशाळाही चालवली आणि 'मूस' नावाची प्रतिकृती-प्रणालीही वाढवली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. २०१७ मध्ये त्यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

ही कारकीर्द आदर्श म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. परंतु तिचा मार्ग पाहा: कानपूर, केंब्रिज, पॅसाडेना, न्यूयॉर्क, बंगळूरू. कानपूर ते झाशी हे अंतर आगगाडीने काही तासांचे. तरीही भूगोलातल्या त्या काही तासांचे या कारकिर्दीच्या नकाशावर किती होतात, हे आमच्या विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक आहे. झाशीत बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ पासून आहे, वैद्यकीय महाविद्यालय त्याहून जुने आहे, गवत व चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था तर १९६२ पासून आहे. विज्ञान या गावाला परके नाही. पण जीवशास्त्र घेतलेल्या मुलीला संख्याशास्त्र कोणी नीट शिकवत नाही आणि संख्याशास्त्र घेतलेल्या मुलाला चेतापेशी कशी दिसते हे ठाऊक नसते. बारावीत एकाने गणित सोडले आणि दुसऱ्याने जीवशास्त्र, तेथेच हे दार अर्धे मिटते. बाहेर उभा राहणारा विद्यार्थी निर्बुद्ध नसतो. त्याने सोळाव्या वर्षी एका चौकटीवर खूण केलेली असते, एवढेच.

संख्याशास्त्र नसेल तर काय बिघडते, हे आमच्याच गावाच्या उदाहरणाने सांगतो. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरे आहेत. होळीला आमच्याकडे पुरणपोळी होते आणि शेजारच्या बुंदेली घरी गुजिया. आता कल्पना करा की एका उत्साही संशोधकाने झाशीतल्या हजार माणसांचे रक्त घेतले आणि प्रत्येकाला विचारले, "होळीला पुरणपोळी करता का?" मग त्याने लाखो जनुकीय भेद तपासले. मराठी घरांचे पूर्वज वेगळ्या प्रदेशातले, त्यामुळे काही भेद त्यांच्यात थोडे अधिक आढळणारच. संगणक तत्परतेने सांगेल की अमुक गुणसूत्रावरील तमुक भेद पुरणपोळीशी निगडित आहे आणि हा संबंध योगायोगाचा असण्याची शक्यता लाखात एकही नाही. गणित चुकलेले नाही, यंत्र चुकलेले नाही, रक्तही खरे आहे. निष्कर्ष मात्र हास्यास्पद आहे. पुरणपोळी आजीने आईला शिकवली आणि आईने लेकीला. जनुकाचा तिथे काही हात नाही. वंशपरंपरेने दोन गोष्टी एकाच घरातून वाहत आल्या, म्हणून त्या एकमेकींचे कारण ठरत नाहीत. या सापळ्यातून सुटण्याच्या पद्धती आहेत, त्या शिकवता येतात, आणि संगणकीय जीवशास्त्राच्या शिक्षणाचा पहिला पाठ खरे तर हाच असायला हवा.

पुरणपोळीवर हसणे सोपे आहे. आता तिच्या जागी 'गुन्हा' हा शब्द ठेवा.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला आणि तो सुरुवातीला ज्या प्रांतांना लागू झाला त्यांत वायव्य प्रांत होता. झाशी त्याच प्रांतात होती. एखाद्या जमातीत जन्म झाला की माणूस जन्मतः गुन्हेगार, त्याने पोलिसांकडे नोंद करायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची, असा तो कायदा. बुंदेलखंडातल्या कबुतरा समाजाच्या वाट्याला हा शिक्का आला, महाराष्ट्रातल्या पारध्यांच्या वाट्याला आला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. शिक्का पुसला गेला का, ते मैत्रेयी पुष्पा यांची 'अल्मा कबूतरी' ही हिंदी कादंबरी वाचणाऱ्याला विचारावे. स्वभाव रक्तात असतो, हे तेव्हा कोणत्याही प्रयोगशाळेने सिद्ध केले नव्हते. ते प्रशासनाला सोयीचे होते, आणि त्या काळच्या वंशशास्त्राने त्या सोयीला विद्वत्तेचा पोशाख चढवला.

आज कोणी तुरुंगातील कैद्यांचे रक्त घेऊन 'आक्रमकतेची जनुके' शोधू लागला तर काय होईल? ज्या समाजांवर पोलिसांची नजर पिढ्यान्‌पिढ्या अधिक, त्यांची माणसे तुरुंगात अधिक. त्या समाजांत जे जनुकीय भेद किंचित अधिक आढळतात, ते संगणक 'आक्रमकते'च्या खात्यात जमा करील. पुरणपोळीचेच गणित, पायरीन्‌पायरी तेच. फरक इतकाच की या वेळी निष्कर्षाला कोणी हसणार नाही. म्हणून मेंदू आणि अनुवंश यांचे नाते अभ्यासणाऱ्या माणसाला इतिहास ठाऊक असणे ही शोभेची बाब नाही. तो त्याच्या गणिताचाच भाग आहे. कोणता घटक वगळायचा, कोणता हिशेबात धरायचा, हे इतिहास जाणल्यावाचून कळत नाही.

मराठी वाचकांना या बाबतीत एक अभिमानास्पद पूर्वज आहे, जिची आठवण विज्ञानाच्या संदर्भात फारशी काढली जात नाही. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण इरावती कर्व्यांना ओळखतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या, तेथील मानववंश, अनुवंश आणि सुप्रजनन यांच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडीसाठी. फिशर हे पुढे नाझींच्या वंशसिद्धान्ताला बळ देणारे गृहस्थ. युरोपीय गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ आणि त्याची खूण कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेत दिसते, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. मोजमापांतून निघाले ते असे की कवटीची असमानता आणि वंश यांचा काही संबंध दिसत नाही. परदेशी गेलेली एक भारतीय विद्यार्थिनी, समोर मार्गदर्शकाचा लाडका सिद्धान्त, हातात पदवीचे भवितव्य. आणि तिने आकडे जसे आले तसे लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी जातींचा अभ्यास करताना शारीरिक मोजमापांची आणि संख्याशास्त्राची साथ सोडली नाही. एकाच नावाखाली, एकाच दर्जावर गणल्या जाणाऱ्या जाती प्रत्यक्षात एका वंशाच्या असतीलच असे नाही, हे त्यांनी के. सी. मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये आठ अंतर्विवाही गटांची तुलना करून मांडले. त्यांच्यापाशी संगणक नव्हता. या विद्येला लागणारा कणा होता.

आणि संख्याशास्त्राचे म्हणाल, तर त्याचाही एक धागा आमच्या प्रांतातून जातो. महालनोबिसांनी १९३६ मध्ये मांडलेले 'अंतर' हे माप आज जगभरच्या संगणकीय जीवशास्त्रात, गटाबाहेरचे नमुने ओळखण्यासाठी, वापरात आहे. माणसांच्या गटांतील शारीरिक फरक कसे मोजावेत, या प्रश्नातूनच ते माप जन्मले. १९४१ मध्ये डी. एन. मजुमदार यांनी संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, लोकांची जी शारीरिक मोजमापे घेतली, त्यांचे विश्लेषण महालनोबिस, मजुमदार आणि सी. आर. राव यांनी १९४९ मध्ये 'सांख्य' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा आपल्या प्रांताने माहिती दिली आणि कलकत्त्याने ती वाचली. पंचाहत्तर वर्षांनंतर चित्र फारसे बदललेले नाही: रक्त आमचे, गणित बंगळूरूचे. बंगळूरूविषयी माझी तक्रार नाही; तिथल्या लोकांनी काम केले म्हणून तर हा प्रकल्प उभा राहिला. तक्रार आहे ती आपण या विभागणीला निसर्गनियम मानू लागलो आहोत याची.

जगाच्या पातळीवर हीच तक्रार भारत करतो, आणि रास्त करतो. २०१६ च्या एका मोजणीप्रमाणे, संपूर्ण जनुकसंचावर आधारलेल्या साहचर्य अभ्यासांतील ८१ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. छिन्नमनस्कतेशी निगडित २८७ जनुकस्थाने २०२२ मध्ये जाहीर झाली, ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून. त्यात भारतीय जवळपास नव्हतेच. त्यामुळे त्या स्थानांवरून काढलेला धोक्याचा गुणांक झाशीच्या रुग्णाला लावला तर तो भलतेच काही सांगू शकतो. आपण म्हणतो, आमची माहिती जगाच्या तक्त्यात हवी. मग तोच न्याय देशाच्या आत का नको? आमची माणसेही तक्ता वाचणाऱ्यांत हवीत.

'जीनोम इंडिया'ची माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेली आहे. २०२२ मध्ये उघडलेले हे केंद्र देशातील जीवशास्त्रीय माहितीचे अधिकृत भांडार आहे. झाशीहून दिल्लीकडे जाणारी गाडी फरिदाबादवरूनच जाते, हा आमच्या गावाचा विनोद झाला. ही माहिती कोणालाही उतरवून घेता येत नाही. प्रस्ताव द्यावा लागतो, तो तपासला जातो, अटी मान्य कराव्या लागतात. हे योग्यच आहे. रक्त देणाऱ्याने विश्वासाने दिलेले असते, आणि वर सांगितलेला इतिहास पाहता हे कुलूप हवेच. माझे म्हणणे किल्लीविषयी आहे. प्रस्ताव लिहिण्यासाठी ज्या प्रकारचा अनुभव, ज्या प्रकारची नैतिकता समिती, ज्या प्रकारचा संगणक लागतो, ते जिल्ह्याच्या महाविद्यालयात नसते. नियमात कोणालाही मनाई नाही आणि व्यवहारात पाच-दहा शहरांपलीकडे कोणी आत येत नाही. गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये झाशीच्या ग्रंथसंग्रहाची आणि १८५८ मध्ये तो कसा उद्ध्वस्त झाला याची हकिगत सांगितली आहे. पोथ्या जाळून ज्ञान नष्ट होते हे आपण शिकलो. पोथ्या सुरक्षित राहूनही वाचणारा उरला नाही तर काय होते, याचा विचार कमी करतो.

उपाय फार भव्य नाहीत. प्रत्येक राज्य विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात संख्याशास्त्राचे एक कायम पद असावे, तासिकेवर बोलावलेला पाहुणा नव्हे. अशा विभागांना मोठ्या संस्थेशी जोडून एकत्रित प्रस्ताव देण्याची मुभा असावी, आणि त्या प्रस्तावांसाठी वेगळा वाटा राखलेला असावा. माहिती केंद्राने मूळ जनुकसंचाऐवजी त्याच्यासारख्या, पण कृत्रिमरीत्या घडवलेल्या माहितीचा एक संच शिकवण्यासाठी खुला करावा. त्यात कोणाचेच रक्त नसल्याने कोणाच्या विश्वासाला धक्का लागण्याचा प्रश्न येत नाही. यांतले एकही काम अशक्य नाही आणि एकालाही नवी इमारत लागत नाही. कदाचित म्हणूनच ती होत नाहीत. उद्घाटनाची फीत कापायला इमारत लागते.

विद्यार्थ्यांना मी या वाटेची गुळगुळीत जाहिरात करणार नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे, आणि ती दर महिन्याला वेळेवर येतेच असे नाही. तुमच्याइतकाच संगणक जाणणारा मित्र बावीसाव्या वर्षी पुण्यात किंवा गुरुग्राममध्ये याहून पुष्कळ कमावेल. पीएचडीला पाच-सहा वर्षे, मग परदेशात दोन-चार, मग अर्ज. प्रयोग करणाऱ्यांना तुम्ही 'आकडेमोड करून देणारा' वाटाल आणि संगणकवाल्यांना 'पेशीवाला'; शोधनिबंधावर तुमचे नाव बरेचदा मधोमध कुठेतरी असेल. घरी 'नेमके करतोस काय' या प्रश्नाचे उत्तर द्यायला दरवेळी दहा मिनिटे लागतील. हे सारे खरे आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. ज्या क्षेत्रांना कोट्यवधींची यंत्रे लागतात, त्यांत लहान गावाला जागा मिळणे कठीण. येथे निदान काही दारे खुली आहेत. गोलकृमीच्या ३०२ चेतापेशींची संपूर्ण जोडणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती कोणालाही मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूची जोडणी आली: १,३९,२५५ चेतापेशी आणि सुमारे ५ कोटी चेतासंधी. तीही विनामूल्य आहे. मानवी मेंदूचा वर सांगितलेला पेशीनकाशा आहे, भल्लांची 'मूस' आहे. साधा लॅपटॉप आणि रात्रीचे इंटरनेट एवढ्यावर गोलकृमीपासून सुरुवात करता येते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच देतो: या ३०२ पेशींत सर्वाधिक जोडण्या असलेल्या दहा पेशी कोणत्या, आणि त्या काढून टाकल्या तर कृमीच्या मेंदूचे तुकडे होतात का? दुसऱ्या आठवड्यात पुरणपोळीचे गणित देतो, कृत्रिम आकडे घडवून. ते सोडवताना 'सापडले!' असे कोणी ओरडले की मी काही बोलत नाही. तो आलेख वर्गात फळ्यावर काढायला सांगतो आणि बाकीच्यांना विचारतो, घरी पुरणपोळी कोणाकोणाकडे होते?

ज्या वाचकांनी एखाद्या जिल्हा महाविद्यालयात बसून अशा माहितीवर काम केले आहे, प्रस्ताव दिला आहे, तो मंजूर झाला किंवा परत आला आहे, त्यांनी खाली अवश्य लिहावे. कोणत्या पायरीवर अडले, हे संस्थेचे नाव न घेताही सांगता येईल.